खुंटीवरचा शर्ट

त्या सकाळी अनुजाने म्हशीची धार काढली, दुधाची किटली कट्ट्यावर ठेवली आणि साडीवर घातलेला शर्ट काढून खुंटीला अडकवला. मग कोनाड्यातल्या आरशात बघून केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि किटली उचलून ती डेअरीकडे निघून गेली... एवढंच झालं. पण चुलीपुढे बसलेल्या झुंबरबाईची तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली, तरी तिला वास आला नाही!

शर्ट राजवीरचा होता. झुंबरबाईचा एकुलता एक लेक, अनुजाचा नवरा. पुराचं पाणी चढायला लागलं तसा नदीकाठची मोटर सोडवायला गेला आणि विजेच्या झटक्याने तिथंच आडवा झाला. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, घरात पाळणा हलला नव्हता. मागे राहिली ती त्याने हौसेने आणलेली म्हैस. ती त्याच्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नसे. तो गेला आणि तिने पान्हा चोरला. लाथा झाडल्या, बादल्या पालथ्या केल्या, बघ्यांची करमणूक केली... शेवटी अशा वेळी जे सगळे करतात तेच अनुजाने केलं. धन्याचा शर्ट अंगात चढवला आणि म्हशीपुढे जाऊन उभी राहिली. म्हशीने मान लांब करून शर्ट हुंगला, एकदा हंबरली आणि पान्हा सोडला. त्या दिवशी सासू-सून गोठ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. मुक्या जनावराला फसवता येतं हो, माणसाने आपल्या मनाला कसं फसवायचं?

तेव्हापासून अनुजा तो शर्ट घालूनच डेअरीत दूध घालायला जाई. गाव आधी हसलं, मग हळहळलं, मग कुणी बघेनासं झालं. आणि आज तिने तो काढून ठेवला होता!

बाईमाणसाला याचा अर्थ कुणी फोड करून सांगावा लागत नाही. डेअरीसमोर रोज सकाळी दुधाचे कॅन न्यायला वडगावहून टेम्पो येई. त्याच्यावरचा ड्रायव्हर सम्राट चंदगडकडचा होता. खाली मान घालून काम करणारा, बोलायला दोन शब्द उसने आणावे लागतील असा पोरगा. त्याची बायको काविळीने गेली होती, हेही झुंबरबाईने ऐकलं होतं. एकदा अनुजाच्या डोक्यावरचा वैरणीचा भारा त्याने टेम्पोतून घरापर्यंत आणून टाकला होता आणि चहासुद्धा न घेता निघून गेला होता. तेव्हा झुंबरबाईला त्याचं कौतुक वाटलं होतं. आज त्याच माणसाचा असा राग आला, की वाटलं, जावं आणि त्या टेम्पोपुढं आडवं पडावं!

माझ्या लेकराची राख अजून नदीनं पुरती नेली नसंल, आणि ही केस विंचरती...? तिचं काळीज आक्रंदत होतं. पण अनुजा रिकामी किटली घेऊन परत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक विसरलेलं हसू येऊ की नको असं करत होतं. ते बघितलं आणि झुंबरबाईचा राग पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळून गेला.

कारण तिला आठवली ती स्वतः... राजवीर मांडीवर असताना तिचंही कपाळ पांढरं झालं होतं. तिलाही तेव्हा वय होतं, हसू होतं. लोकांनी तिला सती म्हटलं, पतिव्रता म्हटलं, हळदीकुंकवाला मात्र दाराआडच ठेवलं. सणावाराला भरल्या घरातून बाजूला सरकायचं, कुणाचं लग्न असलं की स्वयंपाकघरात तोंड लपवायचं, आणि आजारी पडलं तर भिंतीशी बोलायचं! लेकाकडे बघून दिवस काढले. पण अनुजाने कुणाकडे बघून काढायचे? हल्ली गावाने विधवांच्या प्रथा बंद केल्याचा ठराव केला होता, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलकसुद्धा लावला होता. त्याच फलकाखाली बसून बायका कोण कुणाशी बोललं याचा हिशेब मांडत. ठरावाने माणसं बदलली असती तर काय हवं होतं!

दुपारी सोप्यात शेंगा फोडताना झुंबरबाईने विषय काढला.

"अनू, त्यो टेम्पोवाला चांगला पोरगा हाय न्हवं?"

अनुजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोन टेम्पोवाला?"

"आता मला शाळा शिकवू नगंस. तुझा जीव त्याच्यावर बसलाय. बसू दे की! पाप हाय का त्ये? लगीन कर त्याच्यासंगं. मी माझ्या हातानं लावून देतो."

अनुजाचा चेहरा आधी लाजेने फुलला आणि लगेच पांढराफटक पडला. "आत्ती, मी जड झालोय का तुमाला?"

"आगं, जड कशाला..."

"मग असं का बोलतासा? मी गेल्यावर तुमच्या गुडघ्याला त्याल कोण लावंल? म्हस कोण पिळंल? तुमी चार येळा शर्ट घालून बघितलासा, तुमाला तर ती जवळ बी येऊ देत न्हाय! ह्ये जाताना तुमाला माझ्या पदरात टाकून गेल्यात. त्यो पदर मी दुसऱ्या कुणाच्या घरात न्हेऊ?" तिने हातातली शेंग बाजूला टाकली. "पुन्यांदा ह्यो इषय काढलासा तर माझं मेल्यालं तोंड बघशीला, सांगून ठेवतो!"

आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शर्ट घालूनच डेअरीत गेली. केस न विंचरता, आरशात न बघता...! कट्ट्यावर बसून झुंबरबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. अरेरे, त्या पोरीने आपलं दार आपल्या हाताने लावून घेतलं होतं, आणि ते कुणासाठी, तर गुडघे दुखणाऱ्या एका म्हातारीसाठी! झुंबरबाईला त्या क्षणी आपल्या जगण्याचीच लाज वाटली. प्रेमाने सांगून ही जायची नाही, हे तिने ओळखलं. माया आहे तोवर ती सुटणार नव्हती. तर मग मायाच तोडायला हवी होती.

त्याच आठवड्यात एका सकाळी अनुजा विहिरीवर धुणं घेऊन गेली, आणि झुंबरबाई गुडघे धरत धरत टेम्पोपाशी जाऊन उभी राहिली.

"पोरा, खरं सांग. आमच्या अनूवर जीव हाय का तुझा?"

सम्राटच्या हातातला कॅन खाली टेकला. "हाय, मावशी. खोटं कशाला बोलू? पर त्या न्हाय म्हणाल्या. आत्तीला सोडून येणार न्हाय म्हणाल्या. मी म्हटलं, त्यास्नी बी संगं घिऊन चला..."

"मी कुठं येतो? माझ्या लेकाची जागा हितं हाय." झुंबरबाई त्याच्याजवळ सरकली. "आईक. थोड्या दिसात ती ह्या घरातनं रडत भाईर पडंल. मला शिव्या दील. शहरात शाहूपुरीत तिचा भाऊ एका खोलीत ऱ्हातो, त्याच्याकडं जाईल. भावजय बोलंल, टोमणं मारंल. तवा तू जा. रीतसर मागनी घाल. आन् एक शब्द दे मला... मी तुला भेटलोतो हे तिला कवाच सांगायचं न्हाय."

"मावशी, असं कसं? त्या तुमच्यावर..."

"करू दे राग! राग केल्याशिवाय ती जगायची न्हाय." तिने त्याचा दुधाने ओला हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "शप्पत हाय तुला."

नदीपलीकडचा गुंडू बरेच दिवस त्या म्हशीच्या मागे होता. झुंबरबाईने निरोप धाडताच तो दुसऱ्या दिवशी दावं घेऊन हजर झाला. अनुजा तेव्हा वैरणीला रानात गेली होती. म्हैस सोडताना मात्र तो अडून बसला.

"काकू, ही म्हस शर्टाबिगार दूध देत न्हाय, सारा मुलूख जाणतो. शर्ट बी लागंल."

झुंबरबाई दचकली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! म्हैस विकायची, अनुजाला चीड आणायची, एवढाच तिचा बेत. पण शर्ट...? लेकाच्या अंगाचा शेवटचा वास त्यात होता. अनुजा शेतात गेली की ती तो खुंटीवरून काढून तोंडाशी धरी, आणि सून यायच्या आत पुन्हा अडकवून ठेवी. जगात तिचं म्हणण्यासारखं तेवढंच उरलं होतं!

"दुसरा एखादा दितो की..." ती कशीबशी म्हणाली.

"दुसरा काय कामाचा? तिला वास पायजे."

झुंबरबाई आत गेली. भिंतीला टेकून उभी राहिली. मग खुंटीवरचा शर्ट काढला, एकदा, दोनदा, तीनदा उराशी कवटाळला... आणि बाहेर येऊन गुंडूच्या हातात दिला. "न्हे. पर बाबा, धुऊ नगंस त्येला," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

अनुजा भारा घेऊन आली तेव्हा दिवस कलला होता. गोठा रिकामा! भारा डोक्यावरून कोसळला. ती धावत सोप्यात आली, आणि तिची नजर खुंटीवर गेली.

"आत्ती... म्हस कुठाय? शर्ट... ह्यांचा शर्ट कुठाय?"

"इकली म्हस. शर्ट बी दिला तिच्यासंगं."

"शर्ट दिलासा?" अनुजा किंचाळलीच. "तुमी आई हाय का कोण हाय? पोटच्या पोराचा शर्ट जनावराच्या दाव्यासंगं दिऊन टाकलासा?"

आता बोलायला हवं होतं. दिवसभर मनात घोकलेले ते विषारी शब्द आता जिभेवर आणायला हवे होते! झुंबरबाईने पदर खोचला, नजर भिंतीवर लावली, कारण पोरीच्या डोळ्यांत बघून ते बोलता येणारच नव्हतं.

"दिला! माझं घर, माझी म्हस, तू कोण इचारनार? पांढऱ्या पायाची अवदसा! तुझा पाय ह्या उंबऱ्याला लागला आन् माझं सोन्यासारखं लेकरू गेलं. तू आली नसतीस तर माझा राजा आज जित्ता असता! तुझं तोंड बघितलं की माझ्या अंगाची आग हुती. जा, जा भाईर!"

अनुजा थिजून उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "असं वाटत हुतं तुमाला? इतकं दीस?"

झुंबरबाईने मान हलवली. होय म्हणून.

"बरं," अनुजा म्हणाली. तिने पिशवीत चार कपडे भरले आणि शेवटच्या एसटीने ती निघून गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि एसटी दिसेनाशी झाल्यावर झुंबरबाई रिकाम्या गोठ्यात जाऊन जमिनीवर पडली, आणि माती मुठीत धरून धाय मोकलून रडली.

पुढचं सगळं तिने ठरवल्यासारखं झालं. भावजयीने टोमणे मारले, सम्राटने मागणी घातली, उन्हाळ्यात देवळात चार माणसांत लग्न लागलं आणि नवराबायको चंदगडला गेली. ही बातमी शेजारच्या बयाबाईने आणली, तोंड वाकडं करून.

"ऐकलंसा का? केलं की लगीन तिनं! बरं केलंसा काढली घराभाईर. मला तर आदीच वास आलाता."

 गंमत बघा, जन्मभर सोशीकपणे राहिली तेव्हा गावाने तिला कधी जवळ बसवलं नाही, आणि तिने पोरीला शिव्या घालून हाकलली म्हटल्यावर मात्र सगळ्यांना तिची करारी म्हणून वाहवा करायची होती! त्या दिवशी बयाबाई गेल्यावर तिने एकटीने पुरण घातलं. लेकीचं लग्न होतं ना! पोळीचा पहिला घास तोंडात घेतला आणि तो काही केल्या गिळवेना...

दिवस जात राहिले. गुडघे दिवसेंदिवस जास्तच धरत गेले, तरी अमावस्येला ती काठी टेकत पूल ओलांडून गुंडूच्या गोठ्यावर जाई. म्हशीपुढं गुळाचा खडा धरी. मग गोठ्याच्या लाकडी मेढीला अडकवलेल्या शर्टावरून हात फिरवी आणि कुणाशी न बोलता परत येई. शर्टाला आता शेणाचा, पेंडीचा, गुंडूच्या बायकोच्या घामाचा वास येत होता. राजवीरचा येत नव्हता. तरी ती जात राहिली.

आणि एका दुपारी, ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली असताना, दारात सावली पडली. तिने वर बघितलं. अनुजा! हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल झालेला, आणि पोट... पोट पुढं आलेलं!

झुंबरबाईने सूप मांडीवर घट्ट धरलं. जीव धावत सुटला होता, पण तिने त्याला दाव्याला बांधल्यागत आवरून धरलं.

"हिकडं का आलीस?"

"बाळंतपणाला," अनुजा म्हणाली. "सातवा लागलाय. पयलं बाळंतपण म्हायेरात करत्यात न्हवं?"

"तुझं म्हायेर भावाकडं. ह्यो उंबरा तुझा न्हवं..."

"आता पुरं की ओ, आत्ती!" अनुजाच्या डोळ्यांतून एकदम धारा लागल्या. "गेल्या सोमवारी वडगावच्या बाजारात म्हस बघायला गेलतो. तितं गुंडूकाका भेटलं. म्हणालं, तुजी सासू येती अमुशाला, म्हशीला गूळ चारती आन् शर्टाला हात लावून रडती. दिताना म्हणालीती, धुऊ नगंस त्येला म्हणून... ज्या बाईनं असं सांगितलं, तिनं त्यो शर्ट खुशीनं दिला व्हय? घरी येऊन मी ह्यांस्नी विचारलं. ह्ये खाली मान घालून बसलं. शपथ मोडायला तयारच न्हाईत! मी तीन दीस जेवलो न्हाय, तवा बोललं!"

झुंबरबाईचं सूप खाली पडलं. तांदूळ अंगणभर पसरले.

"तुमी माझं ठरवलंसा," अनुजा हुंदके देत होती, पण तिच्या आवाजात धार होती. "मला इचारलंसा का? पांढऱ्या पायाची... त्यो शब्द रोज आठवायचा मला. हातात घास घेतला की आठवायचा. ह्यांस्नी कवा ठेच लागली तरी वाटायचं, माझ्या पायानंच! ह्या बाळाची चाहूल लागली तवा बी पयलं भ्याच वाटलं मला. असं कुणी करतंय का, आत्ती?"

"न्हाय करत," झुंबरबाई पुटपुटली. तिचा सारा त्याग त्या एका प्रश्नापुढे हीन-दीन होऊन उभा होता. लेकीला सुख द्यायला निघालेल्या बाईने लेकीच्या घासाघासात विष कालवलं होतं! "पर बाई... इचारलं असतं तर गेली असतीस का?"

अनुजाने पदराने डोळे पुसले. "न्हाय," ती म्हणाली.

"मग मी काय करनार हुतो गं? काय करनार हुतो...!"

 अनुजा उंबऱ्यावर बसली, झुंबरबाईच्या खांद्यावर तिने डोकं टाकलं, आणि दोन वर्षांचं साठलेलं पाणी बांध फुटावा तसं वाहत राहिलं. कितीतरी वेळाने झुंबरबाई उठली. चुलीवर पाणी कढत केलं, घमेल्यात ओतलं, आणि अनुजाचे प्रवासाने सुजलेले पाय तिने त्या पाण्यात घेतले. अनुजा पाय मागे ओढू लागली. "आत्ती, पाप लागंल मला!"

"लागू दे मला. ह्याच पायास्नी मी नावं ठेवलीती." आणि ती ते पाय हळूहळू चोळत बसली, डोळ्यांतलं पाणी घमेल्यात पडत होतं तरी.

मग गावाने काय बोलावं ते बोलून घेतलं. दुसऱ्याचं मूल, मेलेल्या नवऱ्याच्या घरात जन्माला यायचं म्हणजे काय, असं बयाबाई चारचौघींत विचारत सुटली. झुंबरबाईने तिला एकदाच सुनावलं, "माझ्या लेकीचं बाळंतपण हाय. तुझ्या पोटात का दुखतंय?" डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा झाला, दाराला गोधडीचा आडोसा झाला. वडगावच्या दवाखान्यात अनुजा मोकळी झाली. मुलगी! नाजूक, काळ्याभोर जावळाची.

पाचवीला बायका जमल्या. दिवा लागला, पूजा झाली, आणि अनुजाने बाळ उचलून आधी झुंबरबाईच्या मांडीवर दिलं. आजूबाजूची कुजबुज थांबली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. बयाबाई तर मान लांब करून बघत होती, म्हातारी आता काय बोलते म्हणून.

झुंबरबाईने बाळाचं दुपटं बाजूला केलं. आजीची नजर जशी फिरते तशी तिची नजर त्या इवल्या चेहऱ्यावरून फिरू लागली... आणि तिला कळलं, आपण शोधतोय! राजवीरच्या हनुवटीवरची खळी शोधतोय, त्याच्या जाड भुवया शोधतोय, झोपेत ओठ मुडपायची त्याची ती लकब शोधतोय. वेडं मन! कुठून असेल? एक थेंबसुद्धा नव्हता त्याचा. नाक सम्राटचं होतं, जिवणी सम्राटची, कानाची पाळीसुद्धा त्याचीच. तिचा राजवीर नदीकाठी गेला होता तो पुरता गेला होता. आता तो कुणाच्याच चेहऱ्यात परत यायचा नव्हता. हे तिला माहीत होतं, पण कळलं मात्र आत्ता, दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेतल्यावर. क्षणभर तिला त्या भरल्या घरात इतकं पोरकं वाटलं की श्वासच घेता येईना.

तिने मान वर केली. बाजेवरून अनुजा तिच्याकडे एकटक बघत होती. आईच्या तोंडून काय निघतं त्यावर जणू तिचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. आणि उंबऱ्याबाहेर, चपला काढून, हातात नारळाची पिशवी धरून सम्राट उभा होता. चंदगडहून दिवसभराचा प्रवास करून आलेला, पण या घरात पाऊल टाकावं की नाही हे न कळणारा.

झुंबरबाईने बाळाला उराशी धरलं. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"बघा गं बायांनो, नाक बघा, जिवनी बघा! पोरगी आक्षी बापावर गेलीया!" आणि उंबऱ्याकडे वळून, "जावईबापू, भाईर का हुबं ऱ्हायलासा? आत या की. लेक घ्या तुमची."

आणि तिने थोडं सरकून त्याला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.